अंगणातल्या दिव्यांसाठी ट्रान्सफॉर्मर घेताना



ट्रान्सफॉर्मर म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे गावाबाहेरची डीपी उभी राहते. ती जळली की चार दिवस अंधार, पाण्याची मोटर बंद आणि दळण तुंबलेलं. पण आज आम्ही बोलणार आहोत ते हातात मावेल एवढ्या ट्रान्सफॉर्मरबद्दल. अंगणात, पायवाटेला, झाडाखाली जे १२ व्होल्टचे छोटे एलईडी दिवे लावतात, त्यांना वीज पुरवणारा हा डबा. मोठी डीपी ११ हजार व्होल्टची वीज आपल्या घरच्या २३० व्होल्टवर आणते. हा डबा त्याच २३० चे १२ करतो.

आता तुम्ही म्हणाल, बचतगटाच्या सहयोगिनीला हे कुठून सुचलं? तर ऐका. आमचा भाग अकोले तालुक्यातला, भंडारदऱ्याच्या बाजूचा. मे महिना संपत आला की इथे काजवे बघायला पाहुणे येतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजवे लखलखतात आणि शहरातली माणसं मुलाबाळांना घेऊन येतात. गेल्या काही वर्षांत आमच्या गटांनी या पाहुण्यांची राहण्याजेवण्याची सोय करायला सुरुवात केली. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, अंगणात तंबू. पैसे बरे मिळतात. पण आलेला पाहुणा पहिल्यांदा विचारतो, "ताई, बाथरूम कुठंय?" आणि बाथरूम असतं घरापासून ४० मीटरवर, दगडी पायऱ्या उतरून, परसाच्या कडेला. रात्री पाऊस पडून गेलेला, वाट निसरडी, गवतात फुरसं असू शकतं. म्हणजे वाटेवर उजेड पाहिजेच.

पहिल्या वर्षी आमच्या एका गटाने सगळे करतात तेच केलं. बाजारातून लग्नाच्या मांडवाला लावतात तशा २३० व्होल्टच्या माळा आणल्या, आंब्याला आणि लोखंडी खांबांना गुंडाळल्या, जोडांवर काळी टेप लावली. चार दिवस फार शोभा आली. पाचव्या दिवशी वळवाचा पाऊस झाला. सकाळी गटातल्या थोरल्या मावशींचं डांगी वासरू एका खांबाला अंग घासायला गेलं आणि तिथेच पडलं. टेपच्या आत पाणी शिरलं होतं आणि खांबात करंट उतरला होता. त्याच खांबाजवळ आदल्या संध्याकाळी पाहुण्यांची दोन पोरं लपाछपी खेळत होती. मावशींना वासराचे पैसे गटाने भरून दिले. माळा त्याच दिवशी उतरवल्या. पुढची बैठक झाली तेव्हा निम्म्या जणी म्हणाल्या, पाहुणेच नकोत.

त्या बैठकीतून हा १२ व्होल्टचा विषय निघाला. १२ व्होल्टची तार ओल्या हाताला लागली तरी तेवढा दाब माणसाच्या किंवा जनावराच्या अंगातून घातक करंट ढकलू शकत नाही. मोटरसायकलची बॅटरी १२ व्होल्टचीच असते आणि तिची टोकं आपण सहज हाताळतो. म्हणून ओल्या जमिनीवर, झाडाखाली, पाण्याजवळ १२ व्होल्टचे दिवे बरे. पण एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. डब्याच्या एका बाजूला १२ व्होल्ट असले तरी दुसऱ्या बाजूला पुरे २३० व्होल्ट असतात. डबा चुकीचा घेतला किंवा चुकीच्या जागी लावला, तर १२ व्होल्टचा सगळा फायदा वाया जातो. म्हणून दिवे नंतर, आधी डबा नीट निवडायचा. आम्ही उलटं केलं होतं. दिवे हौसेने निवडले आणि डबा दुकानदाराने दिला तो घेतला. तोही पहिला डबा वायाच गेला. त्याची गोष्ट पुढे येईलच.

दुकानात गेल्यावर पहिला गोंधळ नावांचा. कुणी ट्रान्सफॉर्मर म्हणतं, कुणी ड्रायव्हर, कुणी अडॅप्टर, कुणी एसएमपीएस. जुन्या पद्धतीचा खरा ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंडाच्या पट्ट्यांवर तांब्याची तार गुंडाळलेला, हाताला जड. तो २३० चे १२ करतो, पण वीज एसीच ठेवतो. एलईडीला मात्र डीसी लागते. काही बागेच्या दिव्यांच्या पोटात एसीची डीसी करायची सोय असते, त्यांच्यावर '१२ व्होल्ट एसी/डीसी' असं छापलेलं असतं. आपल्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पट्ट्या आणि छोटे दिवे फक्त डीसीवर चालतात. ते एसीवर लावले तर लुकलुकतात, लवकर मरतात.

जड ट्रान्सफॉर्मरची दुसरी अडचण खास आपल्या गावाची आहे. तो वीज ठरावीक प्रमाणात कमी करतो. २३० आले तर १२ देतो. संध्याकाळी मोटरी चालू झाल्या आणि लाईनला १८० च उरले, तर तो साडेनऊच्या आसपास देतो. मध्यरात्री मोटरी बंद होऊन २६० झाले, तर साडेतेरा देतो. म्हणजे दिवे कधी मिणमिणणार, कधी भाजणार. एसएमपीएस नावाचा हलका डबा हे सांभाळून घेतो. आत किती व्होल्ट येतात याचा पल्ला त्याच्यावर 'इनपुट' म्हणून लिहिलेला असतो. त्या पल्ल्यात वीज वरखाली झाली तरी बाहेर १२ च देतो, आणि डीसी देतो. म्हणून आमचं मत सरळ आहे, आपल्या कामाला १२ व्होल्ट डीसीचा एसएमपीएस घ्यावा. मात्र इनपुटचा पल्ला वाचून घ्यावा. '१८० ते २६५' असेल तर ठीक, त्याहून खालपासून चालणारा मिळाला तर आणखी चांगलं. '२२० ते २४०' एवढंच लिहिलं असेल तर तो आपल्या गावात टिकायचा नाही.

आणखी दोन डबे दुकानदार पुढे करतो, ते परत करायचे. एक म्हणजे छताच्या पॅनल लाईटचा ड्रायव्हर. त्याच्यावर १२ व्होल्ट लिहिलेलं नसतं, '३०० एमए' असं काहीतरी असतं आणि व्होल्टच्या जागी '२४ ते ४०' असा पल्ला असतो. तो करंट ठरलेला ठेवतो आणि व्होल्ट बदलतो. आपल्याला उलट हवं. व्होल्ट ठरलेले, करंट दिव्यांना लागेल तेवढा. दुसरा म्हणजे जुन्या हॅलोजन दिव्यांचा इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर. त्याच्यावर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं म्हणून माणूस फसतो. पण तो एसी देतो आणि नीट चालायला त्याला किमान काही वॅटचा भार लागतो. एलईडीचा भार इतका थोडा की तो चालू-बंद होत राहतो.

आता हिशोब. बचतगटाच्या बायकांना हिशोबाची भीती नसते, म्हणून हा भाग आम्ही सविस्तर सांगतो.

कागदावर आधी सगळे दिवे मांडा आणि प्रत्येकाचे वॅट लिहा. आमचे असे होते. बाथरूमच्या वाटेवर ३ वॅटचे १२ दिवे, झाले ३६. पायऱ्यांवर १ वॅटचे ६ दिवे, झाले ६. जेवणाच्या मांडवात ५ वॅटचे २, झाले १०. झाडांखाली ६ वॅटचे ३, झाले १८. एकूण ७० वॅट. आता ७० वॅटला ७० चाच डबा घ्यायचा नाही. बैलाला रोज पुरत्या ताकदीने ओढायला लावलं तर तो किती दिवस ओढेल? डब्यावर त्याच्या ताकदीच्या पाचातले चारच भाग ओझं टाकायचं. सोपी रीत म्हणजे एकूण वॅट गुणिले सव्वा. ७० गुणिले सव्वा म्हणजे साडेसत्त्याऐंशी. बाजारात त्याच्या वरचं माप १०० वॅटचं मिळतं, ते घ्यायचं. पुढच्या वर्षी आणखी दोन तंबू आणि दिवे वाढणार असतील तर १५० चा. पण ७० वॅटला उगाच ३०० चाही नको. पैसे जास्त जातात, आणि कुठे तार तारेला चिकटली तर मोठा डबा त्या जागी जास्त वीज ओततो.

काही डब्यांवर वॅट नसतात, फक्त अँपिअर असतात. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, एवढं पाठ करा. '१२ व्होल्ट ५ अँपिअर' म्हणजे ६० वॅट. आमचा पहिला डबा हाच होता. ७० वॅटच्या दिव्यांना ६० चा डबा! संध्याकाळी दिवे लावले की दहा मिनिटं चालायचे, मग सगळे एकदम विझायचे, लगेच लागायचे, परत विझायचे. पाहुण्यांना वाटलं मुद्दामच केलंय. खरं तर डबा ओझं पेलेना म्हणून स्वतःला बंद करून घेत होता आणि पुन्हा प्रयत्न करत होता. असं दिसलं की दिव्यांना दोष देऊ नका, आधी वॅटची बेरीज करा.

पण तो डबा मेला वेगळ्याच कारणाने. तो होता जाळीचा, म्हणजे पत्र्याला भोकं पाडलेला. असा डबा घरात, कपाटात, कोरड्या जागी लावायचा असतो. आम्ही तो पडवीच्या कडेला टांगला. एका रात्री उबेला एक पाल जाळीतून आत शिरली. पालही गेली आणि डबाही गेला. दुकानदार हसून म्हणाला, गॅरंटीत पाल बसत नाही.

म्हणून दुसरी गोष्ट बघायची ती डब्याची बंदिस्ती. त्यासाठी 'आयपी' हे दोन अक्षरं आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा धूळ, किडे, बोटं यांच्यापासून किती बचाव ते सांगतो, दुसरा पाण्यापासून किती ते. आयपी २० म्हणजे पाण्यापासून काहीच बचाव नाही. जाळीचे डबे याच जातीचे. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो. आयपी ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. हा डबा आतून रसायनाने भरून बंद केलेला असतो आणि वायरी त्याच्यातूनच बाहेर येतात. शिवाय 'रेनप्रूफ' म्हणून एक पत्र्याचा डबा मिळतो. तो उभा टांगला आणि वायरीचं तोंड खाली ठेवलं तरच वरून पडणारा पाऊस सोसतो. आडवा ठेवला की पाणी आत जातं. आमच्या भागात पाऊस वरून कमी आणि आडवाच जास्त येतो, म्हणून आम्ही आयपी ६७ चा घेतला. जाळीवाल्याच्या जवळपास दुप्पट पैसे लागले. बैठकीत त्यावर वाद झाला. वाद करणाऱ्यांचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. ज्या गटाकडे बंद, कोरडी खोली आहे त्यांनी जाळीचा डबा आत लावला आणि फक्त १२ व्होल्टची वायर बाहेर काढली तर पैसे वाचतात. मात्र पालीचा बंदोबस्त करावा.

आयपी ६७ आहे म्हणून डबा मातीत पुरायचा किंवा डबक्यात ठेवायचा असं नाही. जमिनीपासून हात-दीड हात वर, भिंतीवर, वळचणीखाली, सावलीत लावा. उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत कोंडू नका. डबा स्वतः गरम होतो, त्यात मे महिन्याचं ऊन. उष्णता वाढली की त्याची ताकद घटते, १०० वॅटचा डबा ७० वॅटही देईनासा होतो. चारी बाजूंनी वारा लागला पाहिजे.

तिसरी गोष्ट छापलेल्या खुणांची. एलईडीच्या ड्रायव्हरला आपल्या देशात बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. डब्यावर आयएसआयसारखी खूण आणि 'आर-' पुढे आठ आकडे असतात. 'बीआयएस केअर' नावाचं मोबाईल ॲप आहे, त्यात तो नंबर टाकला की कंपनीचं नाव दिसतं. नाव डब्यावरच्या नावाशी जुळलं नाही, किंवा नंबरच नसला, तर तो डबा ठेवून द्या. आम्ही दुकानात उभं राहून असे नंबर टाकून बघतो. दुकानदार आधी वैतागला, आता स्वतःच चांगला माल आधी पुढे करतो. हे एवढ्यासाठी की चांगल्या डब्यात २३० ची बाजू आणि १२ ची बाजू आतून एकमेकींपासून पूर्ण तोडलेली असते. दोन्हींमध्ये तारेचा संबंध नसतो. स्वस्तातल्या बनावट डब्यात ही तोड कच्ची असते. ती फुटली तर २३० व्होल्ट सरळ तुमच्या '१२ व्होल्टच्या' दिव्यात येतात, आणि गोष्ट परत वासराशी येऊन थांबते.

आता वायर. हे खरं तर ट्रान्सफॉर्मरच्या विषयाबाहेरचं, पण वायरचा विचार केल्याशिवाय ट्रान्सफॉर्मर निवडताच येत नाही. गावच्या नळयोजनेचं उदाहरण घ्या. टाकीजवळच्या घराला धो-धो पाणी आणि शेवटच्या घराला करंगळीएवढी धार. पाइप जितका बारीक आणि लांब, तितका दाब कमी होतो. १२ व्होल्टचंही तसंच. मुळात दाबच १२, त्यातले दोन-तीन वाटेत गेले तर शेवटी उरतं काय? २३० मध्ये दोन-तीन गेले तर कळतही नाही.

आमच्या बाथरूमच्या वाटेवर ३६ वॅट होते, म्हणजे ३ अँपिअर. अंतर ४० मीटर. आम्ही आधी १ एमएमची वायर टाकली होती. पहिले चार दिवे छान, मधले पिवळट, आणि बाथरूमच्या दाराशी, जिथे उजेड सगळ्यात जास्त पाहिजे, तिथला दिवा पणतीसारखा. वायरमन दादांनी मीटर लावून दाखवलं, शेवटच्या दिव्याशी साडेनऊ व्होल्ट. त्यांनी मग हिशोब शिकवला. अंतराचे मीटर गुणिले अँपिअर गुणिले ०.०३६, आणि त्याला वायरच्या एमएमने भागायचं. येणारं उत्तर म्हणजे वाटेत जाणारे व्होल्ट. वायर तांब्याची धरून. ४० गुणिले ३ गुणिले ०.०३६ म्हणजे ४.३. वायर १ एमएमची, म्हणून ४.३ व्होल्ट गेले. हे सगळे दिवे अगदी टोकाला असतील तर. आपले दिवे वाटेवर सारखे पसरलेले असतात, म्हणून साधारण निम्मं धरा, दोन-सव्वादोन. मीटरने जवळपास तेच दाखवलं होतं. अडीच एमएमची वायर घेतली तर ४.३ भागिले २.५ म्हणजे १.७, त्याचं निम्मं ०.९. शेवटी ११ च्या वर उरतात. वाटेत एक व्होल्टच्या आत जावेत, ही आमची मर्यादा. आम्ही अडीचची वायर टाकली आणि बाथरूमचा दिवा उजळला.

अडीचची तांब्याची वायर महाग असते हे कबूल. म्हणून दुसरी युक्ती सांगतो. डबा एका टोकाला लावण्याऐवजी मध्ये लावा. मग ४० मीटरच्या दोन बाजू होतात, २० आणि २० मीटरच्या, आणि प्रत्येक बाजूला दीडच अँपिअर. अंतर निम्मं, करंट निम्मा, म्हणजे वाया जाणारे व्होल्ट पाव होतात. त्यासाठी २३० ची वायर मध्यापर्यंत न्यावी लागते, ती पाइपातून, परवाना असलेल्या वायरमनकडूनच. ज्यांच्याकडे मध्ये भिंत किंवा शेड आहे त्यांनी हे जरूर करावं.

तिसरी युक्ती, ज्यांची वाट फारच लांब आहे त्यांच्यासाठी, २४ व्होल्टचे दिवे आणि २४ व्होल्टचा डबा. तेवढ्याच वॅटला करंट निम्मा लागतो, आणि नुकसान टक्क्यांत पाव राहतं. पण १२ चा दिवा २४ वर लावला तर जागच्या जागी जळतो, म्हणून एकाच घरात दोन्ही प्रकार ठेवू नका. पुढे कधीतरी कुणीतरी चुकणारच. आम्ही १२ वरच राहिलो, कारण तालुक्याच्या बाजारात १२ चे दिवे सहज मिळतात आणि वीज गेली तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर दोन-तीन तास काढता येतात. ७० वॅट दोन तास म्हणजे साधारण १२ अँपिअर-अवर, मध्यम बॅटरीला सहज झेपतं. फक्त चार्जिंग चालू असताना बॅटरी १४ व्होल्टच्या वर जाते, तेव्हा दिवे तिला जोडलेले नकोत.

काही डब्यांवर एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की १२ चे साडेबारा-तेरा करता येतात. वायर बारीक आहे म्हणून तो फिरवायचा मोह होतो. थोडासा चालेल, पण मीटर लावूनच, कारण शेवटच्या दिव्याचं भलं करताना पहिल्या दिव्याला जास्त दाब बसतो.

१२ व्होल्टचा शॉक बसत नाही, पण आग लागू शकते, हे पुष्कळ जणींना पटत नाही. सैल जोडातून पाच-सात अँपिअर गेले की जोड तापतो आणि वाळलेलं गवत पेट घेतं. म्हणून डब्यातून निघणाऱ्या प्रत्येक लाईनला वेगळा ५ अँपिअरचा फ्यूज. जोड काळ्या टेपने नको. आत चिकट जेल भरलेले बंद कनेक्टर मिळतात, ते वापरा, नाहीतर झाळून वर आवळणारी नळी लावा. वायर जमिनीखाली फूटभर, पाइपातून. नुसती वायर पुरली तर पहिल्यांदा घूस कुरतडते आणि दुसऱ्यांदा आपलीच कुदळ लागते. २३० च्या बाजूला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि नीट अर्थिंग. आरसीसीबी म्हणजे करंट जमिनीत गळायला लागला की डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडणारं बटण. पहिल्या वर्षी ते असतं तर वासरू वाचलं असतं. दर महिन्याला त्याच्यावरचं 'टेस्ट' बटण दाबून बघायचं काम आमच्याकडे गटाच्या सचिव ताईंकडे आहे, मासिक बैठकीच्या दिवशीच, म्हणजे विसर पडत नाही.

बिलाची काळजी करू नका. ७० वॅट पाच तास चालले तर साडेतीनशे वॅट-अवर, डब्यात थोडी वीज उष्णतेत जाते ती धरून दिवसाला सव्वाचारशेच्या आत, म्हणजे अर्ध्या युनिटपेक्षाही कमी. पूर्वी मांडवाला ५०० वॅटचा एक हॅलोजन लावायचो, तो एकटाच तेवढ्या वेळात अडीच युनिट खायचा.

विकत घेतल्यावर डबा लगेच भिंतीला ठोकू नका. अंगणात सगळे दिवे जोडून दोन तास चालू ठेवा. मग डब्याला हात लावा. कोमट-गरम चालेल, हात ठेवता येईना इतका तापला तर परत न्या. मीटरने व्होल्ट बघा, पण दिवे जोडलेले असताना. रिकाम्या डब्याचे व्होल्ट बघून काही कळत नाही. आणि पक्कं बिल घ्या, त्यावर वॅट, व्होल्ट आणि गॅरंटीची तारीख लिहून घ्या. आमच्या पहिल्या डब्याचं बिल कच्चं होतं, त्यामुळे पाल नसती शिरली तरी तो परत झाला नसता.

आता राहिले काजवे. पाहुणे त्यांच्यासाठीच येतात, आणि आपण झाडाखाली झगमगाट केला तर काजवे दिसायचे कसे? नुसते दिसायचेच नाहीत असं नाही. काजव्यांचा हा उजेड म्हणजे नर-मादीची एकमेकांना खूण असते. आपल्या दिव्यात ती हरवली तर त्यांची जोडी जमत नाही आणि पुढच्या वर्षी काजवे कमी. म्हणून आम्ही एकाच १०० वॅटच्या डब्यातून तीन लाईनी वेगळ्या काढल्या आणि तिघींना तीन बटणं दिली. एक वाट आणि पायऱ्यांची, एक मांडवाची, एक झाडांची. दिवे पिवळसर उजेडाचे घेतले, पांढरे-निळे नाही, आणि वाटेचे दिवे गुडघ्याखाली, तोंड जमिनीकडे असणारे. डब्याच्या आधी, २३० च्या बाजूला टायमर आहे, तो संध्याकाळी सात ते रात्री बाराचा लावला आहे. बारानंतर वाटेसाठी पाहुण्यांना हातबॅटरी देतो.

झाडांची लाईन हिवाळ्यात वापरतो, तेव्हा फार सुरेख दिसते. मे अखेर ते जून संपेपर्यंत ती बंद. नुसतं बटण बंद ठेवलं तर कुणीतरी हौसेने लावतंच, म्हणून आम्ही त्या लाईनचा फ्यूज काढून थोरल्या मावशींकडे देतो. तो त्यांच्या कंबरेच्या पिशवीत असतो, आणि पाऊस सरून भात कापणीला आला की त्या स्वतः येऊन बसवतात.